टेक लॉगमधली न लिहिलेली ओळ

प्रशिक्षणाचे विमान उतरताना आपटले अशी बातमी आली की पहिल्या तासाभरात एकच विचारणा सुरू होते: विमान कोण चालवत होते? विद्यार्थी एकटा होता की शेजारी इन्स्ट्रक्टर होता? पुढच्या तासात उत्तरही तयार होते. वैमानिकाचा ताबा सुटला. खापर फोडायला डोके सापडले की बातमी संपते आणि लोक आपापल्या कामाला लागतात.

मला हे उत्तर पोकळ वाटते. शिकाऊ माणसाबद्दल 'त्याची चूक झाली' म्हणणे म्हणजे काहीच न सांगणे. त्याला अजून येत नाही, म्हणूनच तर तो शिकतो आहे. चूक होणार हे धरूनच त्याला विमानात बसवलेले असते. विचारायला हवे ते निराळेच: हीच चूक याआधी कितीदा झाली होती? कुणाला माहीत होती? आणि ज्याला माहीत होती त्याने तोंड का उघडले नाही? उतरण्याच्या सरावात झालेल्या चुकीपेक्षा लपवलेली चूक जास्त घातक असते, असे माझे ठाम मत आहे. आणि ती लपवायला आपण, म्हणजे उड्डाणशाळा, नियामक, पत्रकार, पालक असे सगळे मिळून भाग पाडतो.

उतरण्याचे शेवटचे काही सेकंद जवळून पाहिले की यात शिक्षा करण्यासारखे किती थोडे आहे ते कळते. सेस्ना १७२ हे जगभरच्या उड्डाणशाळांत ओळखीचे असलेले चार आसनी विमान. १९५५ साली ते पहिल्यांदा उडाले आणि आजवर चाळीस हजारांहून अधिक बनले. धावपट्टीकडे ते साधारण ६० ते ६५ नॉट वेगाने येते, म्हणजे ताशी ११० ते १२० किलोमीटर. जमीन काही मीटरवर आली की विद्यार्थ्याने थ्रॉटल, म्हणजे इंजिनची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा, बंद करायचे, नाक हळूहळू वर धरायचे आणि विमानाला आपोआप बसू द्यायचे. मग मुख्य चाके आधी टेकतात आणि नाकाखालचे चाक सर्वांत शेवटी. सांगायला हे सोपे आहे. पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत या विमानाचे पंख अकरा मीटर भरतात, आणि साधारण तेवढ्या उंचीच्या आत आले की जमिनीच्या सान्निध्याने हवा वेगळी वागू लागते. विमानाला मागे खेचणारी ओढ कमी होते. वेग जरा जास्त असेल तर विमान खाली बसायलाच तयार होत नाही, तरंगत राहते. वेग दहा टक्क्यांनी वाढला तर जिरवायची ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते. धावपट्टी पायाखालून सरकत असते, तिचे दुसरे टोक जवळ येत असते, आणि विद्यार्थी घाबरून नाक खाली दाबतो.

पुढचे सगळे काही क्षणांत घडते. नाकाचे चाक आधी आपटते. विमान उसळते. विद्यार्थी पुन्हा नाक दाबतो, पण त्या दाबाला विमानाचा प्रतिसाद यायला थोडा वेळ लागतो. तोवर ते स्वतःच खाली येऊ लागलेले असते आणि दाब नेमका नको त्या वेळी पोचतो. दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी असते. तिसऱ्या-चौथ्या आपटीला नाकाच्या चाकाचा पाय मोडतो, प्रोपेलर डांबराला लागतो आणि इंजिन गपकन थांबते. मोठी उसळी झाली की पूर्ण थ्रॉटल देऊन वर निघून जायचे, हे प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवलेले असते. ते त्या घटकेला का आठवत नाही, याकडे पुढे येते.

आधी माझे स्वतःचे सांगते. मी शिकत असताना, एकटीने केलेल्या एका सर्किटमध्ये, म्हणजे विमानतळाभोवती फेरी मारून पुन्हा उतरण्याच्या सरावात, माझी अशी उसळी झाली. एकच. दुसऱ्या वेळी विमान टेकले आणि सरळ धावत राहिले. विमान जमिनीवरून चालवत जागेवर आणले, इंजिन बंद केले, खाली उतरून विमानाभोवती एक फेरी मारली. टायर ठीक, प्रोपेलर ठीक. टेक लॉग, म्हणजे प्रत्येक उड्डाणानंतर विमानाची स्थिती लिहायची वही, उघडला. 'दोष' या रकान्यात काय लिहायचे? लिहिले तर विमान तपासणीसाठी थांबणार, बाकीच्यांची दिवसभराची उड्डाणे रद्द होणार, तपासणीचा खर्च कुणाच्या माथी येणार हे कुणी सांगायची गरज नव्हती. एकटीने उडायची परवानगी नुकती मिळाली होती, ती जाईल ही धास्ती वेगळीच. मी रकान्यात 'काही नाही' लिहिले आणि सही केली.

तीन दिवसांनी मेकॅनिकला त्या विमानाच्या फायरवॉलवर सुरकुती सापडली. फायरवॉल म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्या मधली पत्र्याची भिंत. नाकाच्या चाकाचा पाय तिलाच जोडलेला असतो, त्यामुळे नाकावर आपटलेल्या विमानाची खूण तिथे उमटते. त्यांनी टॉर्च तिरपा धरून दाखवले तेव्हा पत्र्यातली बोटभर लांबीची घडी दिसली. शेजारच्या दोन रिव्हेटांच्या कडेने काळसर ओघळ होते. रिव्हेट सैल झाला की तो हलत राहतो, पत्र्याशी घासतो, आणि त्या घासण्याचा बारीक काळा चुरा हवेच्या झोताबरोबर मागे पसरतो. ते ओघळ माझ्या उसळीचे होते की आधीच्या कुणाच्या, हे मला आजही सांगता येणार नाही. मेकॅनिकने मला काही विचारले नाही. पण त्या तीन दिवसांत त्याच विमानातून आणखी विद्यार्थी उडाले होते, त्यात माझ्याच तुकडीतली मैत्रीण होती. माझी न लिहिलेली ओळ तिच्या पायाखाली होती आणि तिला त्याची गंधवार्ता नव्हती. तेव्हापासून 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण मला विमानाच्या आसपास ऐकवत नाही.

मी लबाड होते म्हणून गप्प बसले, असे मला वाटत नाही. खरे सांगितले असते तर माझे नुकसान आणि न सांगितले तर दुसऱ्या कुणाचे तरी, अशी ती मांडणी होती. कुणाचे नुकसान होणार ते समोर दिसत नव्हते. अशा मांडणीत चांगली माणसेही मूग गिळून बसतात, आणि ती मांडणी माणसांनीच केलेली असते.

इन्स्ट्रक्टरच्या बाबतीत हे आणखी गुंतागुंतीचे होते. विद्यार्थ्याला उतरायला शिकवणे म्हणजे त्याला चुकू देणे, आणि चूक हाताबाहेर जाण्याआधी कंट्रोल आपल्याकडे घेणे. या दोहोंच्या मधले अंतर सेकंदाचे असते. इन्स्ट्रक्टरने फार लवकर हात घातला तर विद्यार्थ्याला आपली चूक पूर्ण दिसतच नाही, ती सावरणे तर दूरच. फार उशिरा घातला तर विमान मोडते. चांगला इन्स्ट्रक्टर हे अंतर विद्यार्थ्यागणिक आणि दिवसागणिक बदलत राहतो, वाऱ्याचा रोख पाहतो, विद्यार्थ्याचा चेहरा पाहतो. आता अशा इन्स्ट्रक्टरला सांगा, की प्रत्येक जड उतरण तुझ्या खात्यावर लिहिली जाईल आणि नोकरी त्यावर अवलंबून राहील. तो काय करेल? कंट्रोलवरचे हात काढणारच नाही. विद्यार्थ्याच्या उतरणी कागदावर सुरेख दिसतील, आणि एक दिवस तो आयुष्यात एकही उसळी स्वतः न सावरता एकटा आकाशात जाईल. कडक शिस्त म्हणून जे सांगितले जाते त्यातून असा वैमानिक तयार होतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे दिसत नाही, म्हणून इथे जरा रेंगाळले.

आता गो-अराउंडकडे. उतरण बिघडतेय असे दिसले की ती सोडून द्यायची, पूर्ण शक्ती देऊन वर जायचे, पुन्हा एक फेरी मारून नव्याने यायचे. तंत्र म्हणून हे कौशल्य आहेच. ते काही बिनधोक नाही: हलक्या विमानात एकदम शक्ती दिली की नाक वर उसळते आणि बाजूला खेचते, ते आवरावे लागते, फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखांमागे खाली सोडलेल्या झडपा, टप्प्याटप्प्याने आत घ्यावे लागतात, आणि त्या सगळ्यात वेग फार कमी झाला तर पंखांची उचल तुटते. म्हणून ते पुनःपुन्हा घोटावे लागते. पण माझ्या मते त्याच्या मुळाशी दुसरीच गोष्ट आहे. गो-अराउंड म्हणजे माणसाने हवेत दिलेली कबुली: मला आत्ता हे जमलेले नाही. टेक लॉगमधली ओळ ही तीच कबुली, जमिनीवर दिलेली. जिथे जमिनीवरची कबुली महाग पडते, तिथे हवेतली कबुली स्वस्त राहील अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. टेक लॉगसमोर पेन थबकते आणि धावपट्टीवर थ्रॉटलवरचा हात थबकतो, या दोन्हींमागे भीती एकच असते.

६ जुलै २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला एशियाना एअरलाइन्सचे बोइंग ७७७ उतरताना कोसळले. ते हलके विमान नव्हते, पण ती उतरण एका अर्थी प्रशिक्षणाचीच होती. विमान उतरवणारा कॅप्टन या प्रकारचे विमान नव्याने शिकत होता, आणि शेजारी बसलेल्या कॅप्टनची इन्स्ट्रक्टर म्हणून ती पहिलीच फेरी होती. हवा स्वच्छ होती, पण उतरणीचा कोन दाखवणारी धावपट्टीची ग्लाइड स्लोप यंत्रणा बंद होती, त्यामुळे नजरेच्या अंदाजाने उतरायचे होते. १३७ नॉट ठेवायचा वेग १०३ नॉटपर्यंत उतरला, आणि वर जायचा निर्णय झाला तेव्हा फार उशीर झालेला होता. धावपट्टीच्या अलीकडच्या समुद्री बांधावर विमानाचा मागचा भाग आपटला. तीन जणी दगावल्या. शिकणाऱ्या त्या कॅप्टनने नंतर चौकशीत सांगितले, की अशा उतरणीची त्याला फार काळजी वाटत होती. मग बोलला का नाही? बाकीची विमाने तशीच उतरत होती, तेव्हा आपल्याला जमणार नाही असे सांगणे त्याला अवघड वाटले. या माणसाच्या गाठी जवळपास दहा हजार तासांचे उड्डाण होते. वीस-पंचवीस तासांच्या विद्यार्थ्याकडून आपण याहून अधिक धैर्याची अपेक्षा कशाच्या बळावर करतो?

फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या विमानसुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेने विमान कंपन्यांच्या उड्डाणांबद्दल मांडलेला एक आकडाही इथे आठवतो. ज्या उतरणी ठरलेल्या मर्यादांत बसत नाहीत, ज्या सोडून द्यायलाच हव्यात, त्यांतल्या साधारण ३ टक्क्यांतच गो-अराउंड घेतला जातो. नियम आहे, प्रशिक्षण आहे, शेजारी दुसरा वैमानिक आहे, तरीही ही स्थिती. माहितीची उणीव असती तर उड्डाणाचे तास वाढवून भरून काढता आली असती. अमेरिकेत २००९ साली बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान पडून पन्नास जीव गेले, त्यानंतर २०१३ पासून विमान कंपनीत सहवैमानिक होण्यासाठीही सर्वसाधारणपणे १५०० तासांची अट आली. त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास तेव्हाच १५०० हून जास्त होते. तास मोजणे सोपे असते, म्हणून तासच मोजले जातात, असे मला वाटते.

सांगितलेली चूक किती मोलाची असते याचा धडा विमानजगताला फार आधीच मिळाला आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीचे फ्लाइट ५१४ वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे उतरत असताना व्हर्जिनियातल्या माउंट वेदर या डोंगरावर आदळले. विमानातले सर्व ९२ जण मरण पावले. नियंत्रकाच्या परवानगीचा आणि नकाशावरच्या उंचीचा अर्थ लावण्यात घोळ झाला होता. चौकशीत निघालेली गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे: सहा आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सच्या एका विमानाचा तिथेच, तोच घोळ होऊन जीव थोडक्यात वाचला होता. त्या वैमानिकांनी ते आपल्या कंपनीत सांगितले होते आणि कंपनीने आपल्या वैमानिकांना सावधही केले होते. दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांपर्यंत ते पोचण्याची वाटच नव्हती.

त्यातून १९७६ साली एक व्यवस्था उभी राहिली. अमेरिकेत वैमानिकाने आपली चूक कळवायची ती परवाना काढून घेणाऱ्या नियामकाला नाही, तर नासाला. नासा त्यातले नाव-गाव काढून टाकते आणि मजकूर सगळ्यांसाठी खुला करते. चूक हेतुपुरस्सर नसेल, गुन्हा किंवा अपघात नसेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर सर्वसाधारणपणे त्या चुकीसाठी दंड होत नाही की परवाना निलंबित होत नाही. आजवर दहा लाखांहून कितीतरी अधिक अहवाल तिथे जमा झाले आहेत. या व्यवस्थेचे मर्म मला एकाच गोष्टीत दिसते: ऐकणारा आणि शिक्षा करणारा वेगवेगळे ठेवले. छडी हातात धरून 'बाळ, खरे सांग' म्हणणाऱ्याला कधी खरे कळत नाही, हे कुठल्याही घरातले मूल सांगेल.

आंतरराष्ट्रीय कायद्याचा पायाही हाच आहे. नागरी विमान वाहतुकीबद्दलच्या १९४४ च्या शिकागो करारातून आलेले परिशिष्ट १३, जे १९५१ साली स्वीकारले गेले, स्वच्छ सांगते की अपघाताच्या तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे; दोष किंवा जबाबदारी कुणावर टाकणे हा नाही. पण याच परिशिष्टातली अपघाताची व्याख्या वाचली की प्रशिक्षणातल्या उतरणींची अडचण लक्षात येते. कुणी दगावले नाही, गंभीर जखमी झाले नाही आणि नुकसान प्रोपेलर, टायर, चाके एवढ्यापुरतेच असेल, तर त्या व्याख्येत तो 'अपघात' ठरतच नाही. म्हणजे वाकलेल्या प्रोपेलरची, फुटलेल्या टायरची रीतसर चौकशी होईलच असे नाही. उड्डाणशाळेतल्या बहुतेक उसळ्या तर त्याहूनही खालच्या पायरीवर राहतात. त्या कळण्याचा एकच मार्ग: ज्याच्या हातून झाले त्याने आपणहून सांगणे. तो मार्ग बंद केला की मोठ्या अपघाताच्या आधीचे सगळे इशारे त्याच्याबरोबर गाडले जातात.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. शिक्षेची भीती काढली तर माणसे बेफिकीर होतील. ज्यांचे मूल त्या विमानात गेले त्यांना 'आम्ही यातून शिकलो' हे उत्तर कसे पुरेल? त्या आईवडिलांपुढे माझ्याकडेही सांत्वनाचे शब्द नाहीत. मात्र सगळ्यांना सरसकट माफी द्या, असे मी म्हणतच नाही. युरोपीय संघाने २०१४ च्या ३७६ क्रमांकाच्या नियमात ही रेषा नीट आखली आहे: आपल्या अनुभवाला आणि प्रशिक्षणाला साजेशा कृतीतून चूक झाली तर शिक्षा नाही, घोर निष्काळजीपणा, जाणूनबुजून केलेले उल्लंघन आणि विध्वंस मात्र खपवून घेतला जाणार नाही. दारू पिऊन विमानात बसणारा, तपासणी न करताच सही ठोकणारा मालक, आपटलेले विमान माहीत असून उड्डाणाला देणारा व्यवस्थापक, या सगळ्यांना कायद्याने गाठावे. शिवाय बेफिकिरीचे म्हणाल, तर उतरताना विद्यार्थ्याचा स्वतःचा जीव त्याच विमानात असतो. त्याहून मोठा धाक कुठला नियामक घालणार आहे?

मला हवे आहे ते फार मोठे नाही. गो-अराउंड घेतला म्हणून विद्यार्थ्याच्या शेऱ्यात कमीपणा येऊ नये, आणि त्या जादा फेरीचे पैसे त्याच्या नावे लागू नयेत. अडखळत्या उतरणीपेक्षा ती फेरी केव्हाही स्वस्त पडते. जड उतरणीनंतरच्या तपासणीचा खर्च शाळेने उचलावा. विमा जसा धंद्याचा खर्च, तसाच हा. इन्स्ट्रक्टरचे मूल्यमापन त्याच्या विद्यार्थ्यांच्या गुळगुळीत उतरणींवरून होऊ नये. कुठल्याही शाळेतली उसळी दुसऱ्या शाळेच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचावी, नावे गाळून, चार ओळींत. अपघाताची बातमी लिहिणाऱ्यांनी निदान पहिल्या दिवशी 'ताबा सुटला' हे शब्द बाजूला ठेवावेत, कारण ते वाचून शेजारच्या विमानतळावरचा एखादा विद्यार्थी त्याच दिवशी आपली उसळी पोटात ठेवायचे ठरवतो.

आणि टेक लॉगमधला तो रकाना बदलावा. 'दोष' असा शब्द छापलेला कागद पुढे केला की लिहिणाऱ्याला तो आपलाच दोष वाटतो. त्याऐवजी प्रत्येक उतरणीनंतर सर्वांनाच, इन्स्ट्रक्टरसकट, साधे प्रश्न असावेत: विमान उसळले का? किती वेळा? आधी कोणते चाक टेकले? मला त्या दिवशी हे विचारले असते तर 'हो, एकदा, नाकाचे' एवढे लिहून मी सही केली असती, आणि मैत्रिणीचे उड्डाण होण्याआधी मेकॅनिकचा टॉर्च त्या पत्र्यावर पडला असता.